घरच्या फायलींचा बॅकअप आणि दीर्घकाळची साठवण : काय, कुठे, कसं?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. बॅकअपबद्दल इथे तुकड्यातुकड्यांनी बरंच बोलणं झालंय, पण एका जागी काही सापडत नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

माझ्याकडे साधारण दीड टीबीचा ऐवज आहे. निम्म्याहून जास्त फोटो आणि व्हिडिओ. बाकी आजोबांच्या वह्यांचे स्कॅन, घराची-बँकेची कागदपत्रं, आईचे टाइप केलेले लेख, कामाच्या फायली आणि जुन्या ईमेलचा एक अवाढव्य गठ्ठा. सगळं डेस्कटॉपवर, आणि आठवण झाली की एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी. ती डिस्क आता काठोकाठ भरलीये, त्यामुळे काहीतरी घ्यायचंच आहे.

डोक्यात चार पर्याय आहेत. आणखी मोठी एक्स्टर्नल डिस्क, दोन डिस्कांचा नॅस (घरच्या नेटवर्कवरचा साठवणीचा डबा), क्लाउड, किंवा ती हजार वर्षं टिकते म्हणतात ती एम-डिस्क (डीव्हीडीसारखी तबकडी). विंडोज आणि लिनक्स दोन्ही वापरते, कमांड लाइनचं वावडं नाही, पण दर रविवारी हाच उद्योग करत बसायची तयारी नाही. आणि हे सगळं पंचवीस वर्षांनी कुणाला तरी उघडता आलं पाहिजे. काय करू?

खडूस_अ‍ॅडमिन

वस्तू शेवटी निवडा. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र आलीयेत. आज डेस्कटॉपची डिस्क मेली तर उद्या काम सुरू झालं पाहिजे, हे बॅकअपचं काम. वह्यांचे स्कॅन पंचवीस वर्षांनी उघडले पाहिजेत, हे जतनाचं काम. पहिल्यात फायली रोज बदलतात आणि मागची काही महिन्यांची व्हर्जन मिळाली की भागतं. दुसऱ्यात फाइल बदलणं अपेक्षितच नाही, बदललीच तर ती बिघडलीये असं समजायचं. दोन्हींना एकच डिस्क आणि एकच पद्धत लावली की दोन्ही अर्धवट होतात.

बॅकअपपुरतं ३-२-१ धरून चाला. मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रोघ नावाच्या फोटोग्राफरने हा नियम रुळवला, म्हणजे मुळात तो फोटोंनी डिस्का भरणाऱ्यांसाठीच आहे. सध्या तुमच्या दोन प्रती, दोन्ही हार्ड डिस्कवर, बाहेर शून्य.

गुंडाळलेली_वायर

एवढा घोळ कशाला? पैसे भरून क्लाउड घ्या, फोल्डर सिंकला लावा, विषय संपला. त्यांच्याकडे एकेका फाइलच्या अनेक प्रती असतात. आपल्या कपाटातल्या डिस्कपेक्षा ते केव्हाही भरवशाचं.

खडूस_अ‍ॅडमिन

डिस्क मरण्यापुरतं बरोबर आहे. पण घरगुती फायली पुष्कळदा माणसाच्याच हातून जातात. सिंक लावलेल्या फोल्डरमधून तुम्ही चुकून ‘२०११’ उडवलंत, की सिंक ते इमानेइतबारे क्लाउडवरून, लॅपटॉपवरून आणि फोनवरूनही उडवणार. कचरापेटीत काही दिवस राहतं खरं, पण २०११ चं फोल्डर तेवढ्या दिवसांत उघडतं कोण? रॅन्समवेअरचंही (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) तेच. फायलींना कुलूप लागलं की कुलूपबंद फायलीच वर चढतात.

शिवाय अटी बदलतात. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. दोन वर्षं न वापरलेली गूगल खाती काढून टाकायला डिसेंबर २०२३ पासून सुरुवात झाली. आणि मायस्पेस या जुन्या सोशल साइटचं २०१९ मध्ये उघड झालं की सर्व्हर हलवताना लोकांनी २०१५ पर्यंत चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ गेले. तिथे कित्येकांची ती एकुलती एक प्रत होती.

क्लाउड नको म्हणत नाहीये. ती घराबाहेरची प्रत म्हणून झकास आहे.

गुंडाळलेली_वायर

व्हर्जन ठेवणाऱ्या क्लाउड सेवाही असतात की. सिंक वेगळं, क्लाउड बॅकअप वेगळा, आणि तुम्ही सगळ्यांना एकाच माळेत ओवताय.

खडूस_अ‍ॅडमिन

मान्य. मग ‘सिंकला लावा’ लिहू नका, ‘जुनी व्हर्जन ठेवणारा बॅकअप लावा’ लिहा. धागा वाचून लोक खरंच तसं करतात.

पागोळी

वाचतेय. माझाही हाच प्रश्न, फक्त तीनशे जीबीचा. आणि मॅकवर.

टीपकागद

मी ग्रंथालयात डिजिटायझेशनचं काम बघतो, त्यामुळे डिस्कांवर कमी आणि फायलींवर जास्त बोलतो.

अर्धविराम, दीड टीबीपैकी परत कुठूनच मिळणार नाही असं किती आहे, ते एकदा वेगळं काढा. डाउनलोड केलेलं, जुने इन्स्टॉलर, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला माल, एकाच क्षणाचे लागोपाठ काढलेले फोटो हे सगळं बाजूला केलंत की वह्या, कागदपत्रं, लेख आणि निवडक फोटो बहुधा शंभर-दोनशे जीबीत बसतील. जीव तेवढ्यावर टाका. बाकीच्याला साधा बॅकअप पुरे. ही निवड कंटाळवाणी आहे आणि ती कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही, म्हणून लोक ती टाळून आणखी मोठी डिस्क घेतात.

आता फॉरमॅट. वह्यांच्या स्कॅनची मूळ प्रत टिफमध्ये (सहसा तपशील न गाळणारा चित्रांचा फॉरमॅट) ठेवा, जेपेग फक्त बघायला आणि पाठवायला. कागदपत्रांसाठी पीडीएफ/ए. हे २००५ पासून आयएसओचं मानक आहे. यात फॉन्ट फाइलमध्येच बसवावे लागतात आणि फाइल बाहेरच्या कशावरही अवलंबून राहू शकत नाही.

मराठी मजकुराला तर हे जास्तच लागू आहे. आईचे लेख कशात टाइप केलेत? युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या फॉन्टमधली वर्डची फाइल आज तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. एकही बिट हललेला नसतो, आणि पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, मधेच एखादा पौंड, असा खच पडलेला असतो. कारण त्या फायलीत ‘क’ म्हणून काही नसतंच. असतो एक आकडा, आणि त्या आकड्याला ‘क’चं चित्र फक्त तो फॉन्ट देतो. असे लेख आत्ताच कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात, म्हणून कुणाकडून तरी मुद्रितशोधन करून घ्या. मूळ फाइलही ठेवा, आणि फॉन्ट अजून चालत असेल तर त्याच्यासकट पीडीएफ/ए काढून ठेवा.

ईमेलचा गठ्ठा आउटलुकच्या पीएसटीत असेल तर एमबॉक्समध्ये काढून घ्या. ती मुळात टेक्स्ट फाइल असते आणि अनेक प्रोग्रॅम ती वाचतात.

आणि प्रत्येक मोठ्या फोल्डरात एक साधी टेक्स्ट फाइल: या वह्या कुणाच्या, स्कॅन कुणी आणि कधी केल्या, मूळ कुठे आहेत. पंचवीस वर्षांनी उघडणारा माणूस तुम्हाला फोन करू शकेलच असं नाही. (मूळ वह्या टाकून देऊ नका. स्कॅन झाले म्हणून रद्दीत घालणारे लोक मी पाहिलेत.)

अर्धविराम

टीपकागद, वर्मावर बोट ठेवलंत. लेख श्रीलिपीतच आहेत. हे काम डिस्क घेण्याआधी हाती घेते.

नॅसबद्दल कुणी सांगेल का? त्यात दोन डिस्का असतात, एक गेली तरी दुसरी चालते. म्हणजे दोन प्रती झाल्याच ना?

खडूस_अ‍ॅडमिन

नाही झाल्या. दोन डिस्कांच्या नॅसवर सहसा रेड १ असतं, म्हणजे जे लिहाल ते त्याच क्षणी दोन्हींवर. फाइल उडवलीत की दोन्हींवरून उडाली. रॅन्समवेअरने नेटवर्कवरचं फोल्डर पकडलं की दोन्हींवर कुलूप. विजेचा झटका बसला, डबा चोरीला गेला, पाणी शिरलं, तर दोन्ही एकाच डब्यात आहेत. एक डिस्क मेली तरी काम थांबू नये एवढ्यासाठी रेड असतं. त्याला बॅकअप म्हणू नये.

एकाच जागी असण्याचं काय होतं ते मोठ्या लोकांनीही भोगलंय. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळाली. ज्या गिऱ्हाइकांचा सर्व्हरही तिथेच आणि बॅकअपही तिथेच, त्यांचं दोन्ही गेलं.

घरात चार-पाच लॅपटॉप असतील आणि सगळ्यांचा बॅकअप आपोआप एका जागी पडायला हवा असेल तर नॅस घ्याच. त्याचे स्नॅपशॉटही (ठरावीक क्षणाला फायली कशा होत्या त्याची नोंद) कामाला येतात. तुमचा एकच डेस्कटॉप आहे. त्यासाठी आणखी एक कॉम्प्युटर पाळायचा, त्याचे अपडेट करायचे, तो इंटरनेटवर उघडा राहत नाही ना ते बघायचं, आणि एवढं करून त्याचाही बॅकअप वेगळा घ्यायचाच. मी तरी सांगणार नाही.

दशमान

माध्यमांचं मी सांगतो, कारण या बाबतीत जाहिरातीच जास्त वाचल्या जातात.

एम-डिस्क. साध्या रेकॉर्डेबल डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि तो उजेडाने, उष्णतेने उतरत जातो. एम-डिस्कमध्ये अजैव थर असतो, त्यामुळे ती साध्या डीव्हीडीपेक्षा टिकाऊ, यात वाद नाही. हजार वर्षं हा मात्र बनवणाऱ्यांचा अंदाज आहे, डिस्का जास्त उष्णतेत आणि दमटपणात ठेवून गणिताने काढलेला. मला हजाराची काळजी नाहीच, वाचणाऱ्या ड्राइव्हची आहे. नव्या लॅपटॉपात ती फटच उरलेली नाही. १०० जीबीची ब्लू-रे धरली तरी दीड टीबीला १५ लागतील, २५ जीबीच्या साठ. सगळ्यासाठी नकोच. टीपकागद म्हणतात त्या शंभर-दोनशे जीबीसाठी मात्र ती वाईट नाही, कारण एकदा लिहिलेलं रॅन्समवेअरलाही बदलता येत नाही.

एसएसडी आणि पेनड्राइव्ह कपाटात ठेवून विसरायला घेऊ नका. त्यात विद्युतभार साठवलेला असतो आणि तो झिरपतो. जेडेक या चिप उद्योगाच्या मानकसंस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीकडून अपेक्षा एवढीच आहे की लिहिण्याची ठरलेली क्षमता संपल्यावर, विजेविना, ३० अंश सेल्सिअसला तिने एक वर्ष डेटा धरावा. नवी कोरी एसएसडी पुष्कळ जास्त धरते, पण तापमान वाढलं की हा काळ घटतो. पेनड्राइव्हमधली चिप तर कुठल्या दर्जाची आहे हे कळायलाही मार्ग नसतो.

टेप म्हणाल तर एलटीओ या टेपच्या प्रकारातल्या नवव्या पिढीच्या (एलटीओ-९) एका कार्ट्रिजमध्ये १८ टीबी मावतात आणि आयुष्य ३० वर्षं सांगतात. पण ड्राइव्ह घरगुती आवाक्यातला नाही, आणि एलटीओ-८ चा ड्राइव्ह मागची फक्त सातवी पिढी वाचतो, सहावी नाही. दीड टीबीसाठी हा खटाटोप नको.

राहिली साधी फिरती हार्ड डिस्क. बॅकब्लेझ ही क्लाउड कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कांच्या बिघाडाचे आकडे छापते. अलीकडच्या वर्षांत ते वर्षाला शेकडा एक-दीड डिस्कांच्या आसपास आहेत. शेकडा दीड धरला आणि दोन डिस्का एकमेकींशी संबंध नसताना बिघडतात असं मानलं, तर एकाच वर्षात दोन्ही जाण्याची शक्यता दहा हजारांत दोन-तीन. मात्र दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातून, एकाच दिवशी घेतल्या तर ‘संबंध नसताना’ हे विसरा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, काही महिन्यांच्या अंतराने घ्या, आणि पाचेक वर्षांनी चालू असतानाच बदला.

उपटसुंभ

सारांश : दगडावर कोरा.

दशमान

दोन दगड. एक घराबाहेर.

टीपकागद

दशमान यांच्या प्रतिसादात भर. डिस्क मेली तर निदान कळतं. न मरता एखाद-दुसरी फाइल बिघडवणारी डिस्क जास्त त्रासदायक. जेपेगच्या मधल्या एखाद्या बाइटमध्ये गडबड झाली, की फोटो उघडतो, वरचा भाग नीट दिसतो, आणि तिथून खाली रंग सरकलेले किंवा सरळ करडा पट्टा. फाइलचं नाव तेच, आकार तोच, तारीख तीच. कॉपी-पेस्ट करणाऱ्याला काही कळत नाही, बिघडलेली फाइल नव्या डिस्कवर निमूट जाते, आणि जुनी डिस्क पुसली की चांगली प्रत कायमची गेली.

म्हणून जतनाच्या फोल्डरची शा-२५६ चेकसमची (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) यादी एकदाच काढा आणि तिथेच ठेवा. लिनक्सवर त्याची कमांड आधीपासून असते. वर्षातून एकदा प्रत्येक प्रतीवर तपासणी चालवायची. जी फाइल जुळणार नाही तेवढीच दुसऱ्या प्रतीवरून आणायची. याच्या जोडीला पार२ च्या दुरुस्ती-फायली दहा टक्क्यांच्या करून ठेवल्यात, तर थोडीफार खराबी दुसऱ्या प्रतीविनाही भरून काढता येते. डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतींपैकी विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ फायलींतल्या मजकुराचे चेकसम ठेवत नाहीत. झेडएफएस आणि बीटीआरएफएस ठेवतात, पण त्यांची डिस्क दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरला लावली की तो बघतच राहतो.

पागोळी

आणि सॉफ्टवेअर? इतकं वाचून आता घाबरायला झालंय.

खडूस_अ‍ॅडमिन

पागोळी, मॅकवर टाइम मशीन २००७ पासून सोबतच येतं. एक डिस्क जोडा, सुरू करा, तुमचा पहिला टप्पा झाला. एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं) करायच्या खुणेवर टिचकी मारायला विसरू नका. नंतर दुसरी डिस्क जोडलीत तर ते दोन्हींवर आलटून पालटून बॅकअप घेतं.

अर्धविराम यांच्यासाठी रेस्टिक. विंडोज-लिनक्स दोन्हींवर चालतं, डिस्कवरही लिहितं आणि क्लाउडवरही, दर वेळी फक्त बदललेला भाग घेतं, प्रत्येक वेळचा स्नॅपशॉट वेगळा ठेवतं, आणि सगळं एन्क्रिप्ट करूनच लिहितं. रोज रात्रीचं काम म्हणून लावून टाका. बोर्गही उत्तम, पण ते मुळात लिनक्सच्या कुळातलं, विंडोजवर सरळ चालत नाही.

रोबोकॉपी, आरसिंक या फोल्डर कॉपी करायच्या कमांडना ‘मिर’ किंवा ‘डिलीट’ (मूळ जागी नाही ते प्रतीतूनही उडवणारा पर्याय) लावून घरगुती स्क्रिप्ट करणाऱ्यांना एक सूचना. समजा फोटोंची डिस्क जोडलेली नाही, तिच्या जागी नुसतं रिकामं फोल्डर आहे, आणि रात्री स्क्रिप्ट सुटली. तिच्या दृष्टीने मूळ जागी काहीच नाही, म्हणजे बॅकअपमध्येही काही नको. सकाळी दोन्हीकडे सारखंच असतं, रिकामं. मूळ जागी एखादी ठरावीक फाइल सापडली तरच पुढे जा, अशी अट स्क्रिप्टमध्ये घाला.

टीपकागद

रेस्टिक बॅकअपसाठी छान. जतनाच्या फायली मात्र त्यात कोंबू नका. पंचवीस वर्षांनी रेस्टिक कोण शोधत बसणार? त्या साध्या फायली म्हणून, साध्या फोल्डरांत. आणि आजोबांच्या वह्या एन्क्रिप्टही करू नका.

गुंडाळलेली_वायर

एन्क्रिप्ट न करता डिस्क दुसऱ्याच्या घरी? बँकेच्या कागदांसकट?

टीपकागद

बँकेचे कागद वेगळे, ते एन्क्रिप्ट केलेल्या भागात. वह्या कुणी वाचल्या तर आजोबा वरून खूशच होतील. त्यांच्या बाबतीत चोरीपेक्षा पासवर्ड हरवण्याचीच भीती जास्त. रेस्टिक असो की डिस्क एन्क्रिप्ट करणारं व्हेराक्रिप्ट, पासवर्ड गेला की त्याचे कर्तेही तुमच्या फायली उघडून देऊ शकत नाहीत.

खडूस_अ‍ॅडमिन

+१. पासवर्ड कागदावर लिहा. एक प्रत तुमच्याकडे, एक पाकिटात बंद करून विश्वासाच्या माणसाकडे. फक्त पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवलात आणि त्या मॅनेजरची फाइल त्याच बॅकअपमध्ये असली, तर किल्ली कुलपाच्या आत राहते.

दशमान

क्लाउडचा वेगही आधी मोजा, डाउनलोडचा नाही, अपलोडचा. १० एमबीपीएसने दीड टीबी चढायला अखंड १४ दिवस, ५० ने पावणेतीन. ‘थंड’ साठवणीच्या स्वस्त सेवा घेणार असाल तर अटी वाचा. अ‍ॅमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमधून फाइल मागितली की नेहमीच्या पद्धतीने बारा तासांपर्यंत लागतात, १८० दिवसांच्या आत काढून टाकली तरी तेवढ्या दिवसांचं भाडं लागतं, आणि परत उतरवण्याचे पैसे वेगळे.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. माझं असं ठरतंय. नॅस रद्द. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन हार्ड डिस्का. एक घरी, तिच्यावर रेस्टिक रोज रात्री. दुसरी ताईच्या घरी, दर दोन-तीन महिन्यांनी आणून ताजी करून परत. जतनाचं वेगळं फोल्डर, चेकसमच्या यादीसकट, दोन्हींवर साध्या फायलींत. क्लाउडवर सगळं नाही, जतनाचा भाग आणि कामाच्या फायली, रेस्टिकनेच. वह्यांसाठी तेवढ्या एम-डिस्का. व्हिडिओ क्लाउडवर जाणार नाहीत, त्याचं थोडं वाईट वाटतंय, पण अपलोडचा हिशेब बघता ठीक आहे.

हे सगळं नीट चाललंय हे कळणार कसं? ‘यशस्वी’ असा मेसेज आला की झालं का?

खडूस_अ‍ॅडमिन

मेसेजवर जाऊ नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसवरच पुसायची कमांड मारली. त्यांच्याकडे बॅकअपच्या एकूण पाच पद्धती होत्या, आणि ऐन वेळी त्यातली एकही धड निघाली नाही. सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी हाताने काढलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावर निभावलं. हे त्यांनीच सविस्तर लिहून जाहीर केलं, म्हणून आपल्याला माहीत.

तुम्ही वर्षातून दोनदा एवढं करा. डेस्कटॉपला हात न लावता दुसऱ्याच कॉम्प्युटरला ताईकडची डिस्क जोडा, रेस्टिक नव्याने उतरवून घ्या, कागदावरचा पासवर्ड टाका आणि एक मोठं फोल्डर परत आणा. त्यातल्या काही फायली खरोखर उघडून बघा. शक्यतो हे ताईकडून करवून घ्या, तुम्ही नुसत्या शेजारी बसा. ती जिथे अडेल ते सगळं त्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा.

अर्धविराम

ताईकडे मॅक आहे. डिस्क उघडेल ना तिच्याकडे?

दशमान

एनटीएफएस असेल तर मॅक वाचेल, पण लिहिणार नाही. ईएक्सटी४ असेल तर सरळ वाचणारही नाही. ताईकडे जाणारी डिस्क एक्सफॅट करा, तिन्हीकडे चालते. तिला जर्नलिंग (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवणं) नाही, त्यामुळे इजेक्ट न करता ओढून काढलीत तर फोल्डरांची रचना बिघडू शकते. ताईला तेवढं बजावा.

पागोळी

आणि डिस्कवर चिठ्ठी चिकटवा. आत काय आहे, कुणाची आहे, शेवटची ताजी केव्हा केली. नाहीतर ताईकडे पाहुणा म्हणून आलेला कुणी तरी ‘ही रिकामीच दिसतेय’ म्हणून फॉरमॅट मारायचा.

अर्धविराम

चिठ्ठीची नोंद घेतली. श्रीलिपीचा पहिला लेख कन्व्हर्ट केला. रफार खरंच सगळे घसरलेत, मुद्रितशोधनाला बसते.